संगमेश्वर नावाचा मतदारसंघ

१३ ऑक्टोबर २००९. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. डोंबिवलीत मत देऊन मी घरी आलो होतो आणि संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला. मत दिलेस का, असे मी विचारले. म्हणाली, "दिलं. पण चिठ्ठीवर चिपळूण लिहिलंय रे. आपलं संगमेश्वर कुठे गेलं?" मी म्हणालो, "ते आता राहिलं नाही, आई. रद्द झालं." थोडा वेळ ती बोललीच नाही. मग तिने विचारले, "कोणी केलं रद्द?"

मला उत्तर देता आले नाही. चार दिवसांनी दिवाळीला गावी गेलो तर पारावर उत्तरे भरपूर होती. कोणी सांगे, अमक्या पुढाऱ्याने तमक्याचा पत्ता कापण्यासाठी हे केले. दुसरा सांगे, नाही, मुंबईतल्या मंडळींनी कोकण कापून खाल्ले. प्रत्येकाच्या उत्तरात एक माणूस होता, त्याच्या हातात पेन्सिल होती आणि समोर नकाशा. मलाही ते पटले होते. मी हिशेबनीस माणूस, राज्यशास्त्र शिकलेलो नाही. पण कीर्द जुळली नाही की झोप लागत नाही, ही धंद्याची खोड. म्हणून तो पेन्सिलवाला शोधायचे ठरवले. त्याला पंधरा-सोळा वर्षे होत आली.

अशा माणसाच्या नावावरून इंग्रजीत एक शब्दच रूढ आहे. अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्याचे राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ साली एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ असे आखले गेले, की गेरींच्या पक्षाला सोयीचे पडावे. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा झाला, की बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून सॅलॅमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याचे रूप दिले. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून 'गेरीमँडर' झाले. हा गृहस्थ स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी, पुढे देशाचा उपाध्यक्षही झाला. पण लक्षात राहिला तो सरड्यामुळे. मी आमच्या संगमेश्वरचा गेरी शोधत होतो.

शोध मागे मागे जात १९५१ वर पोचला. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी मतदारसंघ आखायचे होते आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने त्याची एक रीत ठरवली होती. निवडणूक आयोगाने प्रस्ताव करायचे, त्या त्या राज्यातल्या खासदारांच्या सल्लागार समित्यांनी ते पाहायचे, राष्ट्रपतींनी आदेश काढायचा आणि तो संसदेपुढे ठेवायचा. संसदेला त्यात फेरफार करण्याची मुभा होती. कागदावर हे निर्दोष वाटते. लोकांचे प्रतिनिधी आहेत, त्यांनी पाहायला काय हरकत? प्रत्यक्षात ज्याला उद्या निवडणूक लढवायची होती, त्याच्याच हातात नकाशा गेला. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचा पहिल्या निवडणुकीवरचा अहवाल मला एका जुन्या ग्रंथालयात, वरच्या फळीवर, धुळीत मिळाला. मतपेट्या, शाई, निरक्षर मतदारांसाठी चिन्हे यांच्या हकिगती त्यात रसाळ आहेत. मतदारसंघांच्या प्रकरणात मात्र सेन यांचा सूर बदलतो. आयोगाच्या प्रस्तावांत सदस्यांच्या सोयीसाठी कसे बदल झाले, हे ते सरकारी संयमाने, पण नापसंती न लपवता नोंदवतात. एक गोष्ट मला विशेष वाटली. हे बदल एका पक्षाने दुसऱ्यावर कुरघोडी करण्यापुरते नव्हते. सगळ्या पक्षांच्या सदस्यांचे एकमत झाले, की बदल सहज होई. एकमेकांची घरे सांभाळून घेण्यात वैर आड येत नाही.

यातून जे शिकायचे ते दिल्ली लवकर शिकली, हे मान्य केले पाहिजे. १९५२ च्या कायद्याने मतदारसंघ पुनर्रचना आयोग नेमला गेला. दोन न्यायाधीश, आजी किंवा माजी, आणि तिसरे मुख्य निवडणूक आयुक्त. अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एन. चंद्रशेखर अय्यर. आयोगाचा आदेश अंतिम. तो संसदेच्या पटलावर ठेवायचा, पण त्यातला स्वल्पविरामही संसदेने हलवायचा नाही. ज्या सभागृहाने वर्षभरापूर्वी नकाशावर हात मारला होता, त्याच परंपरेने आपल्या हातातली पेन्सिल काढून दिली. जगात हे फार ठिकाणी झालेले नाही.

आयोगांच्या हातूनही सगळे सुबक झाले असे नाही. पहिल्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. १९५२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई शहर उत्तर या अशाच मतदारसंघात राखीव जागेवर हरले आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातही तेच झाले. तिथली सर्वसाधारण जागा मात्र त्यांचे सहकारी उमेदवार अशोक मेहता यांना मिळाली. १९५७ मध्ये आंध्रात पार्वतीपुरमला उलटे घडले. आदिवासी उमेदवारांनी राखीव जागा जिंकलीच, शिवाय जास्त मतांच्या बळावर सर्वसाधारण जागाही घेतली आणि व्ही. व्ही. गिरी हरले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही हरले. १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. गिरी पुढे राष्ट्रपती झाले, तो भाग वेगळा.

संगमेश्वर पुसणारा आयोग २००२ च्या कायद्याने आला. अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहसदस्य म्हणून घेतले होते. हे वाचून मी सरसावून बसलो. म्हटले, सापडला गेरी. पण पुढचेच कलम सांगते की सहसदस्यांना मत नाही आणि निर्णयावर सही करण्याचा अधिकारही नाही. त्यांनी बोलायचे, असहमती नोंदवायची, ती मसुद्याबरोबर राजपत्रात छापून यायची. मग लोकांच्या सूचना, जाहीर सुनावणी आणि शेवटी आयोगाचा निर्णय. १९५१ च्या समित्यांचा हा दात काढलेला अवतार.

तरी शंका होती. ती गेली लातूर पाहिल्यावर. शिवराज पाटील तिथून १९८० ते १९९९ सलग सात वेळा निवडून गेले. २००८ साली नवा नकाशा अमलात आला, तेव्हा ते केंद्रात गृहमंत्री होते आणि लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. त्याच नकाशात पश्चिम बंगालचे बोलपूर राखीव झाले. ते लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ चॅटर्जी यांचा मतदारसंघ. देशाचा गृहमंत्री आणि लोकसभेचा अध्यक्ष यांची घरे ज्या पेन्सिलीने सोडली नाहीत, ती आमच्या तालुक्यातल्या कोणा पुढाऱ्याच्या सांगण्यावरून चालली, हे मानायला मन घेईना.

मग संगमेश्वर गेले कसे? शेवटी मी तेच केले जे पहिल्या दिवशी करायला हवे होते. कॅल्क्युलेटर काढला.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार. विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका मतदारसंघाला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजार. भागाकार ५.०४. आधी जागा सात होत्या, झाल्या पाच. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजार, भागाकार २.५८. चाराच्या तीन. ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, ८१ लाख ३२ हजार. भागाकार २४.१७. तेराच्या चोवीस. जुना नकाशा १९७१ च्या जनगणनेचा होता, तोही ताडून पाहिला. तेव्हा सरासरी पावणेदोन लाख. जुन्या अखंड रत्नागिरीची लोकसंख्या वीस लाखांना थोडी कमी, जागा अकरा. ठाणे पावणेतेवीस लाखांच्या पुढे, जागा तेरा. दोन्ही वेळेला कीर्द तंतोतंत जुळली. आयोगाने एका पैशाचा फरक ठेवलेला नव्हता.

वह्या मिटल्या तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण या भागाकारात मी स्वतः होतो. २००१ च्या फेब्रुवारीत प्रगणक आमच्या डोंबिवलीच्या खोलीत आला. मी, बायको, मुलगी. त्याने तीन आकडा लिहिला, ठाणे जिल्ह्यात. त्याच महिन्यात गावच्या घरात आकडा लिहिला गेला एक. रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. बाहेरचे अभ्यासक हा आकडा कौतुकाने सांगतात. आम्हाला त्याचा अर्थ ठाऊक आहे: पुरुष मुंबईला, बाई घरी. आईने 'कोणी केलं रद्द' असे विचारले, त्याचे खरे उत्तर 'मी' असे होते. मी आणि माझ्यासारखे लाखभर चाकरमानी. गणपती-शिमग्याला पाठीवर पिशव्या टाकून गावी जाणारे आणि जनगणनेला मुंबई-ठाण्यात सापडणारे.

तालुक्याचे तीन तुकडे झाले. मोठा भाग चिपळूणला गेला, साखरप्याकडचा राजापूरला, उरलेली काही गावे रत्नागिरीला. बातमीदार मात्र अजून 'चिपळूण-संगमेश्वर', 'राजापूर-लांजा-साखरपा' असेच लिहितात. राजपत्रातून काढलेले नाव वर्तमानपत्राने जोडचिन्ह लावून ठेवून घेतले. शेजारच्या खेडचेही तेच झाले. लोकसभेतून राजापूर गेले. १९५७ पासून बॅ. नाथ पै आणि १९७१ पासून प्रा. मधू दंडवते ज्या नावाने सभागृहात उभे राहिले, ते नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग या लांबलचक जोडनावात मिसळून गेले. विदर्भाने लोकसभेची एक आणि विधानसभेच्या चार जागा गमावल्या. या सगळ्यात कोणाचा डाव नव्हता.

की होता? इथे मला माझ्याच निष्कर्षाला अडवावे लागते. हे सारे एका फटक्यात का झाले, हा प्रश्न उरतोच. दर दहा वर्षांनी जनगणना होते, त्यामागून पुनर्रचना व्हायची, तर कोकणाची एखादी जागा १९८१ नंतर आणि एखादी १९९१ नंतर गेली असती. तसे झाले नाही, कारण १९७६ मध्ये, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने २००१ च्या जनगणनेपर्यंत नकाशा गोठवला. कारण सांगितले गेले ते कुटुंबनियोजनाचे: ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांच्या जागा कमी होऊ नयेत. राज्याराज्यांतल्या वाटणीसाठी ते ठीक होते, पण राज्यांच्या आतल्या रेषाही त्याच बर्फात गाडल्या गेल्या. तीस वर्षे ठाण्याच्या माणसाचे मत हलके होत गेले आणि आमचे जड. ठाणे लोकसभा मतदारसंघ देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांत जाऊन बसला. त्या जडपणाचा आम्ही उपभोग घेतला आणि तक्रार केली नाही, हेही लिहून ठेवतो. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने राज्यांचा वाटा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुन्हा गोठवला आणि आतल्या रेषा तेवढ्या सुटल्या. स्वतंत्र आयोगाच्या हाती रेषा होती. ती कधी हलवायची आणि किती जागांत बसवायची, हे मात्र राजकारणानेच ठरवले.

आयोगाच्या स्वातंत्र्याची दुसरी किंमत मौन ही आहे. राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने न्यायालयाचा दरवाजा बंद केला आहे. उज्जैन मतदारसंघ राखीव केला म्हणून तिथले मेघराज कोठारी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सांगितले की राजपत्रात छापलेला आदेश म्हणजे कायदाच, त्यावर वाद नाही. नाहीतर प्रत्येक निवडणूक खटल्यांत अडकेल, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. २०२४ मध्ये गुजरातच्या बारडोलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दार थोडे किलकिले केले: आदेश उघडपणे मनमानी असेल तर न्यायालय पाहू शकेल. अठ्ठावन्न वर्षांनी.

पेन्सिल सत्तेच्या हाती राहिली तर काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. आमच्याच महापालिका पाहा. मुंबई सोडून इतर शहरांत एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे? २००२ मध्ये तीन, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. पुढे सरकार बदलले, पुन्हा एक ठरला; २०२१ मध्ये पुन्हा तीन; २०२२ मध्ये सरकार आणखी बदलले आणि पुन्हा चार. मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या आणि वर्षाच्या आत परत २२७. छोट्या प्रभागात पक्षापेक्षा माणूस मोठा ठरतो, मोठ्या प्रभागात चिन्ह चालते; कोणाला काय सोयीचे, हे वाचकांना सांगायला नको. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारी विधेयके विधिमंडळात मंजूर झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच होता, निवडणुका पुढे ढकलायच्या होत्या, म्हणून हा मार्ग काढला. मंजुरी एकमताने. ते वाचताना मला सुकुमार सेन आठवले. त्याच महिन्यात मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. २०२५ च्या सप्टेंबरातही ते बसलेलेच होते आणि सर्वोच्च न्यायालयाला निवडणुकांसाठी मुदत घालून द्यावी लागली. माझ्या डोंबिवलीच्या गल्लीतल्या गटाराची तक्रार घेऊन जायला तेव्हा जवळजवळ पाच वर्षे नगरसेवक नव्हता.

२०२५ मध्येच अमेरिकेतही नकाशे पुन्हा हातात घेतले गेले. टेक्सासच्या विधिमंडळाने, जनगणना नसताना, मधल्याच वर्षी काँग्रेसचे मतदारसंघ बदलले. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढाव्यात, हा हेतू लपवलाही नाही. ते रोखायला डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून इलिनॉयला जाऊन राहिले, म्हणजे गणपूर्ती होऊ नये. उपयोग झाला नाही. उत्तर म्हणून कॅलिफोर्निया पुढे आले. तिथे २००८ आणि २०१० मध्ये मतदारांनी स्वतः कौल देऊन नकाशाचे काम चौदा नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे सोपवले होते. पाच एका पक्षाचे, पाच दुसऱ्याचे, चार कोणाचेच नाहीत. त्याच आयोगाचा काँग्रेससाठीचा नकाशा काही वर्षे बाजूला ठेवून डेमोक्रॅट पक्षाने आखलेला वापरावा, असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांपुढे आला. युक्तिवाद असा, की समोरचा चोरी करत असताना आपण एकट्याने सोवळे का पाळावे? मला हा युक्तिवाद आवडत नाही, आणि तो सहज खोडताही येत नाही. आपल्याकडे एकच आयोग साऱ्या देशाचे मतदारसंघ आखतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडला नाही. हा १९५२ च्या कायद्याचा फारसा न सांगितला गेलेला गुण आहे.

पण केंद्रीय आयोग म्हणजे केवळ भागाकार, असे मी म्हणू लागलो तेव्हा जम्मू-काश्मीरचा निकाल आला. निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाने २०२२ मध्ये तिथल्या जागा ८३ च्या ९० केल्या. वाढलेल्या सातपैकी सहा जम्मूला आणि एक काश्मीरला. २०११ च्या जनगणनेत काश्मीर खोऱ्यात जवळजवळ ६९ लाख माणसे होती आणि जम्मूत जवळजवळ चोपन्न. खोऱ्यातल्या पक्षांनी पक्षपाताचा आरोप केला. आयोगाचे म्हणणे होते की लोकसंख्येबरोबर डोंगर, दुर्गमता, दळणवळण हेही कायद्यातच लिहिले आहे. ते खरे आहे. २००२ च्या कायद्यात भूगोल आणि लोकांची सोय हे शब्द आहेतच. मग माझ्या मनात आले, की पावसाळ्यात साकव वाहून गेला की चार चार दिवस तुटणाऱ्या आमच्या वाड्यांच्या वेळी ते शब्द कुठे होते? आणि असे विचारताना मीच पेन्सिल मागतो आहे, हेही कळत होते.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. १ मार्च ही तिची संदर्भ तारीख सरकारने जाहीर केली आहे. तिच्यामागून गोठलेले सगळे वितळू शकते. तामिळनाडू आणि केरळ धास्तावले आहेत, आणि त्यांची बाजू ऐकताना मला सारखे आमचे कोकण आठवते: पोरे कमी झाली, माणसे बाहेर गेली, शाळा चांगल्या चालल्या आणि जागा गेल्या. महाराष्ट्राच्या आत तर मी आताच सांगतो, भागाकार पुन्हा ठाणे-पुण्याच्या बाजूने जाणार.

आई सात वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या निवडणुकीपर्यंत ती मतदानाला जात होती. चिठ्ठीवर चिपळूण असले तरी बोलताना संगमेश्वरच म्हणायची. घर उभे आहे, पागोळ्यांखालचा चिरा झिजला आहे. जनगणनेच्या आधी घरांची यादी करतात, तेव्हा प्रगणक त्या दारावर येईल. शेजारच्या काकूंना मी सांगून ठेवले आहे, की त्याला विचारा आत कोणी राहतं का, असं तो विचारेल, तर काय सांगायचं ते. काकू म्हणाल्या, "आहे ते सांगीन. कुलूप आहे." त्या घरापुढे तो शून्य लिहील, आणि डोंबिवलीत माझ्या दारात तीन.